पर्लसाठी चार तास

बिलिंग्ज
मंगळवार, ८ सप्टेंबर

बाबा,

गुरुवारी १७ तारखेला सकाळी अकरा वाजता तुम्ही पर्लला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेणार आहात आणि येताना एकटे येणार आहात, असं मला कळलं. त्याआधी मला तिचे चार तास हवेत. हे पत्र तेवढंच मागायला लिहितोय. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल.

मला सांगितलं लोरेनकाकूंनी. त्यांचा पूडल कुत्रा दर सहा आठवड्यांनी केस कापून घ्यायला आमच्या दुकानात येतो, तसा शनिवारी आला होता. मी त्याच्या पंजांवरचे केस कापत होतो आणि त्या शेजारी उभ्या राहून म्हणाल्या, "तुझ्या बापानं पर्लचं ठरवलं रे. तिला उठवत नाही. पायरी चढत नाही. परवा कुरवाळायला गेला तर त्याचाच अंगठा दातात धरला तिनं." मी विचारलं, "काकू, तिचे केस कसे आहेत?" त्या म्हणाल्या, "ती मरायला टेकलीय आणि तू केसांचं काय विचारतोस?"

मी केसांचंच विचारणार. मग त्यांना आठवलं, की पर्लच्या मागच्या दोन मांड्या चालताना एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात, आणि पोटाखाली गोधडीसारखं काहीतरी लोंबतं. तेवढं ऐकून मी शनिवारी संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तुम्ही उचललात, माझा आवाज ऐकलात आणि ठेवलात. रविवारीही तसंच. सोमवारी लेबर डेची सुट्टी, टपाल बंद. म्हणून आज लिहितोय.

पर्ल साडेबारा वर्षांची आहे, हे मला माहीत आहे. म्हातारपण नाही असं मी म्हणत नाही. पण असं बघा, तुमच्या डोक्यावरचे केस कुणीतरी मुठीत धरले आणि दिवसभर ओढतच राहिलं, बसलात तरी ओढतंय, उठलात तरी ओढतंय, आणि हे डोक्यावर नाही, काखेत आणि मांडीच्या सांध्यात चाललंय. तुम्ही पायरी चढाल का? कुणी वरून हात लावला तर काय कराल? केसाळ कुत्र्याच्या अंगावर गुंता राहिला की त्याची जट होते, जट कातडी ओढते, कातडी ओढली की ते पाऊल आखूड टाकतं, आणि आखूड पाऊल टाकणाऱ्या कुत्र्याला सगळे म्हातारं म्हणतात. मे महिन्यात एक स्पॅनियल आला होता. मालकीण म्हणाली, स्वभाव बिघडलाय, आता ठेवणं कठीण आहे. त्याच्या कानाखालच्या जटा काढल्या आणि तो टेबलावरच झोपला.

हे दर वेळी खरं ठरतं असं मी म्हणणार नाही. कधी कधी खरोखरच म्हातारपण असतं, सांधे गेलेले असतात. पण जटा काढल्याशिवाय ते कुणालाच कळत नाही, डॉक्टरांनाही नाही, कारण त्यांचा हात कातडीपर्यंत पोचतच नाही. मी अकरावीतून शाळा सोडलेला माणूस आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. पण चार वर्षं मी रोज हेच काम करतो आणि या एका गोष्टीत माझं चुकत नाही.

मंगळवारी १५ तारखेला सकाळी दहाची वेळ मी ठेवली आहे. वर्नाबाईंनी, म्हणजे आमच्या दुकानाच्या मालकीणबाईंनी, त्या दिवशी दोनपर्यंत दुसरं कुठलंच कुत्रं घेतलेलं नाही. सकाळी तिला पोटभर खायला देऊ नका. ट्रकमध्ये मागे हौद्यात नको, पुढे तुमच्याजवळ बसवा. माझ्याशी बोलायची गरज नाही. काउंटरवर वर्नाबाई असतात, त्यांच्याकडे पट्टा द्या आणि जा.

दोन वर्षांपूर्वी चर्चच्या तळघरात आईच्या दफनानंतरच्या जेवणाच्या वेळी जे झालं त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

ऑरिन

बिलिंग्ज
मंगळवार, १५ सप्टेंबर, संध्याकाळी सहा

बाबा,

हे पत्र टपालानं गुरुवारच्या आत पोचणार नाही. लोरेनकाकू उद्या सकाळी दातांसाठी इकडे येणार आहेत, त्यांच्या हाती देतोय. त्या तुमच्यासमोर उभ्या राहतील आणि तुम्ही वाचेपर्यंत हलणार नाहीत असं त्यांनी कबूल केलंय.

आधी माझी चूक. काल तुम्ही पर्लला टबात घालून भांड्यांच्या साबणानं धुतलंत, वासावरून आणि आतल्या ओलीवरून कळलं. का धुतलंत ते मला ठाऊक आहे. आपल्याकडे कुणाच्या दारात घाणेरडी वस्तू न्यायची नाही. आईसुद्धा दातांच्या डॉक्टरांकडे जायच्या आधी तीनदा दात घासायची. पण गुंतलेले केस ओले झाले की ते आवळतात. आत पाणी अडकतं, बाहेरून वाळतं, आणि लोकरीचा नमदा होतो तसं होतं. रविवारपर्यंत तिच्या पाठीवरचे केस कदाचित फणीनं सुटले असते. आज नाही सुटले. "आधी आंघोळ घालू नका" हे वाक्य मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. मग मला वाटलं, मुलगा बापाला हुकूम सोडतोय असं दिसेल, म्हणून ते पान फाडून पुन्हा लिहिलं. तीन वेळा लिहिलं ते पत्र. तिन्ही वेळा माझं लक्ष पत्र कसं दिसेल याकडे होतं. गिऱ्हाइकांना फोनवर मी हे वाक्य सगळ्यात आधी सांगतो.

म्हणून तिचे सगळे केस काढावे लागले.

काउंटरवर काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, पण मी आत पडद्यामागे होतो आणि मला सगळं ऐकू येत होतं, हे तुम्हाला माहीत नसेल. तुम्ही नऊ वीसलाच आला होतात आणि दहापर्यंत ट्रकमध्ये बसला होतात, तेही मला दिसलं होतं. वर्नाबाईंनी तुमच्यापुढे कागद ठेवला. तुम्ही मोठ्यानं वाचलात. "म्हातारं जनावर, जटा फार, केस पूर्ण काढावे लागतील, खाली जखमा निघू शकतात." मग आईचं नाव घेऊन म्हणालात, "पूर्ण? आर्डिसनं हिला कधी कात्रीसुद्धा लावू दिली नाही."

वर्नाबाई म्हणाल्या, "आर्डिस रोज विंचरत होती. तुम्ही विंचरता?"

"माझी कुत्री आहे. माझी बायको नाही."

"म्हणून सही तुमची हवी. आर्डिस असती तर सहीवाचूनच मी हिला आत नेलं असतं."

तुम्ही सही केलीत. जाता जाता म्हणालात, "आत जो आहे त्याला सांगा, रिबिनी बांधू नको."

वर्नाबाई पडद्याआड आल्या आणि म्हणाल्या, "आत जो आहे त्यानं ऐकलं ना?" मी हो म्हणालो. "मग हात धू आणि कामाला लाग. दोनपर्यंतच वेळ आहे."

"पुरेल."

"मशीन हातात घ्यायच्या आधी पातं तपास."

तपासलं. आता आत काय झालं ते लिहितो, कारण तुम्ही पाहिलं नाहीत आणि गुरुवारच्या आत तुम्हाला ते कळायला हवं.

पर्लनं मला ओळखलं की नाही, मला सांगता येत नाही. तिनं माझं मनगट हुंगलं आणि दात दाखवले. मी तिला मुसकं घातलं, सैल. वर्नाबाईंनी तिचं डोकं स्वतःच्या कुशीत घेतलं. दहा नंबरचं पातं लावलं, ते कातडीला लागून चालतं, आणि मानेपासून सुरुवात केली. जटेच्या वरून चालवायचं नसतं. जट आणि कातडी यांच्यामधून वाट काढायची असते, एका वेळी दोन बोटं, दर पाच मिनिटांनी पातं गार करत. पहिला अर्धा तास ती गुरगुरत होती. पाठ मोकळी झाली तशी गुरगुर थांबली. काखेत पोचलो तेव्हा माझी एक चूक झाली. तिथली कातडी जटेत ओढली गेली होती आणि मला ती जटच वाटली. अर्ध्या इंचाहून थोडं कमी कापलं गेलं. रक्त लगेच थांबलं. तुमच्या कागदावर वर्नाबाईंनी ते लिहून दिलंय, पण मीही इथे लिहितो.

"थांबतोस का?" वर्नाबाई म्हणाल्या.

"नाही."

"बरं. रडायचं असेल तर पोट झाल्यावर रड. आत्ता तुला दिसायला हवं."

मी रडत नव्हतो. एक वाजायच्या सुमारास सगळं एका तुकड्यात निघालं. मेंढीची लोकर काढतात तसं. वर्नाबाईंनी ते जमिनीवर ठेवलं आणि ते तसंच उभं राहिलं, इतकं कडक झालं होतं. त्यात गोखरू, भुसा, एक वाळकी काडी. खाली पर्ल केवढीशी आहे, बाबा. तिच्या मागच्या दोन्ही मांड्या एकाच जटेत बांधल्या गेल्या होत्या. दोरीनं बांधाव्यात तशा.

आणखी दोन गोष्टी निघाल्या. पुढच्या डाव्या पायाचं वरचं नख, जे जमिनीला टेकत नाही म्हणून झिजत नाही, ते गोल वळून परत तिच्याच पायात शिरलं होतं. त्याचा बाहेरचा भाग मी कापला. आत रुतलेलं टोक तसंच ठेवलंय, ते काढणं माझं काम नाही. आणि मागच्या उजव्या पंज्यात, दोन बोटांच्या मध्ये, केसांखाली एक भोक आहे. त्यातून पू येतो. माझ्या मते कुरणातलं कुसळ शिरलंय. कुसळ एकाच दिशेनं जातं, आत, मागे येत नाही. ती लंगडते ती बहुतेक याच पायानं. तिथेही मी हात लावला नाही.

मग मी मुसकं काढलं आणि तिला खाली ठेवलं. ती उभी राहिली. कुणी उचललं नाही. आणि तिनं अंग झाडलं, बाबा, नाकापासून शेपटीपर्यंत, भिजलेलं कुत्रं झाडतं तसं. घसरून पडली, पुन्हा उठली, पुन्हा झाडलं. वर्नाबाई म्हणाल्या, "किती दिवसांनी झाडतेय कोण जाणे." इतकी जड जट अंगावर असली की कुत्र्याला अंग झाडताच येत नाही. मग ती काउंटरपर्यंत चालत आली, आणि तुम्ही दार उघडून आत आलात.

तुम्ही म्हणालात, "हे काय करून ठेवलंस? याच्यापेक्षा मेंढी बरी दिसते." आणि मग, "गुरुवारी हिला न्यायचीय. अशी नेऊ?"

त्याचं उत्तर आत्ता देतो. हो, अशीच न्या. गुरुवारची अकराची वेळ रद्द करू नका. त्याच वेळेला न्या आणि डॉक्टरांना सांगा की पंजा बघा, नख बघा. आता त्यांना सगळं दिसेल. त्यांनी दोन्ही बघून, तिला चालवून, तरीही वेळ झाली असं सांगितलं, तर मी पुन्हा एक शब्द बोलणार नाही. पण हे वाचल्यापासून गुरुवारपर्यंत तिच्याकडे बघा. ती स्वतः उठते का एवढंच बघा.

तिला थंडी वाजेल. अंगावर काहीतरी घाला.

ऑरिन

बिलिंग्ज
मंगळवार, २२ सप्टेंबर

बाबा,

लोरेनकाकूंचा फोन आला होता. डॉक्टरांनी कुसळ काढलं, पाऊण इंचाचं होतं म्हणाल्या, नखाचं टोकही काढलं, दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि तुम्हाला दोघांना घरी पाठवलं. पर्ल ट्रकमध्ये पुढे बसून परत आली.

फोन ठेवल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन टॉवेलांच्या घड्या घातल्या. सगळ्या टॉवेलांच्या. वर्नाबाईंनी दारातून पाहिलं आणि आणखी टॉवेल आणून ठेवले.

काकू असंही म्हणाल्या, की तुम्ही तिला तुमचा हिवाळ्यातला लांब बाह्यांचा बनियन घातलाय, बाह्या दुमडून, आणि पोटाखाली सेफ्टी पिन. "सगळं गाव हसतंय रे," म्हणाल्या, "पण त्याच्या तोंडावर हसायची कुणाची टाप नाही." पिन काढा. दोरा घाला. पिन उघडली तर नवीन भोक पडेल.

आता पुढचं. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतील. तुम्हाला वाटेल, सगळे काढलेत तर आता वर्षभर बघायला नको. उलट आहे. आत्ता केस नाहीत, म्हणजे गुंता नाही, म्हणजे फणी फिरवली तरी तिला दुखणार नाही. हीच वेळ आहे तिला पुन्हा शिकवायची की फणी म्हणजे दुखणं नाही. सोबत एक पार्सल आहे. त्यात पोलादी फणी आहे, एका टोकाला दात विरळ, दुसऱ्या टोकाला दाट. रोज पाच मिनिटं. न्याहारीनंतर, ती पोट भरून लोळत असते तेव्हा. सुरुवातीला फणीची नुसती पाठ फिरवा. केस वाढले की डाव्या हातानं केस मुळाशी धरायचे, कातडीलगत, आणि उजव्या हातानं फणी टोकाकडून आत न्यायची. डावा हात धरून ठेवतो म्हणून कातडी ओढली जात नाही. थर उचलून खालपासून वर जायचं. वरवर फणी फिरवली तर वरून छान दिसतं आणि खाली जट तशीच राहते. नव्याण्णव टक्के लोक वरवर फिरवतात आणि मला शपथेवर सांगतात की आम्ही रोज विंचरतो. खोटं बोलत नाहीत ते. विंचरतात, पण वरून. ती कंटाळायच्या आत थांबा. पाच मिनिटं म्हणजे पाच. नखं दर तीन आठवड्यांनी, त्यासाठी तिला इकडे आणा किंवा काकूंबरोबर पाठवा.

हे सगळं मी गिऱ्हाइकांना सांगतो तसंच सांगतोय, कारण मला तसंच सांगता येतं.

दोन गोष्टी मी मागच्या पत्रात लिहिल्या नाहीत. आई दवाखान्यात होती तेव्हा शेवटच्या आठवड्यात तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की दर सहा आठवड्यांनी मी घरी येऊन पर्लला बघीन. तुम्ही खाली कॉफी आणायला गेला होतात. ती म्हणाली, "ते करणार नाहीत. त्यांना सांगताही येणार नाही. तू ये." मी हो म्हणालो. त्यानंतर तळघरात तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "हा आमचा ऑरिन, कुत्र्यांना रिबिनी बांधून पोट भरतो," आणि लोक हसले, आणि मी कोट घेऊन निघालो. नंतर मी हे कारण दोन वर्षं जपून ठेवलं. मागच्या वर्षी मार्चमध्ये फणी-कात्रीची पिशवी घेऊन मी गिरणीच्या वळणापर्यंत आलो होतो. तिथून तुमच्या घराचा धूर दिसतो. पाच मिनिटं गाडी उभी केली आणि परत फिरलो. तुम्ही हसाल याची भीती वाटली म्हणून. पर्ल हसली नसती, हे तेव्हाही मला माहीत होतं.

दुसरी गोष्ट. तिच्या मानेवरच्या जटेत कात्रीचे घाव होते. पायऱ्यांसारखे, एकाखाली एक, सहा-सात. आणि जटेखाली, मानेच्या डाव्या बाजूला, भरलेली जखम, एक इंचाची. कुणीतरी घरातल्या कात्रीनं जट कापायचा प्रयत्न केला होता, तिला लागलं होतं, आणि मग त्यानं पुन्हा कात्री लावली नव्हती. काउंटरवर वर्नाबाईंनी विंचरता का विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, माझी कुत्री आहे, बायको नाही. मला तेव्हा ती जखम माहीत नव्हती. आता माहीत आहे.

मी चार वर्षं हेच करतोय, माझ्याकडे चांगलं मशीन होतं, धरायला वर्नाबाई होत्या, आणि तरी माझ्या हातून कापलं गेलंच.

ऑरिन

बिलिंग्ज
सोमवार, १९ ऑक्टोबर

बाबा,

उत्तराची वाट बघत नाही. बीटाचा हंगाम आहे, तुम्ही बारा-बारा तास ट्रक चालवताय हे मला ठाऊक आहे. शनिवारी काकू त्यांच्या पूडलला घेऊन आल्या तेव्हा म्हणाल्या, की पर्ल हल्ली तुमच्याबरोबर ट्रकच्या केबिनमध्ये असते आणि काट्यावर वजन करणारा माणूस रोज विचारतो, "एल्डन, आज तुझ्या पोरीनं कुठला बनियन घातलाय?" आणि तुम्ही म्हणता, "स्वच्छ आहे तो. तुझा दाखव."

काकूंनी पर्लला नखं कापायला आणलं नाही, तुम्ही पाठवलं नाहीत म्हणाल्या. पाच आठवडे झाले. फुटपाथवर चालताना टक टक ऐकू येत असेल तर वेळ झाली. एवढंच विचारायचं होतं, पण काकूंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला काय माहीत, आमच्या गावात फुटपाथ कुठे आहे?"

केबिनमध्ये हीटर लावत असाल तर तिचं अंग सुकं पडेल, कोंडा होईल. घाबरू नका. फणी रोज फिरवली की अंगातलं तेल पसरतं आणि कोंडा जातो. फणी फिरवताय असं धरून लिहितोय. फिरवत नसाल तर आज सुरू करा. अजून उशीर झालेला नाही. दोन आठवड्यांनी झालेला असेल.

ऑरिन

बिलिंग्ज
मंगळवार, १० नोव्हेंबर

बाबा,

तुमचं पाकीट काल आलं. वरचा पत्ता तुमच्या अक्षरात. मी ते पेन्सिलीला टोक करायच्या चाकूनं उघडलं, कागद फाटू नये म्हणून, आणि आत कागद नव्हताच. केसांचा एक गोळा होता. मुठीएवढा, ब्रेडच्या पिशवीत घालून गाठ मारलेला.

दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती. मी मागे गेलो, टेबल पुसलं, पांढरा टॉवेल अंथरला आणि गोळा सोडवून पसरला. वर्नाबाई मागून आल्या. "कुणाचा आहे?"

"पर्लचा."

"काढला कुणी?"

"वडिलांनी."

त्यांनी चष्मा लावला. दोन केस उचलून उजेडात धरले, टोकं पाहिली, मुळं पाहिली. आमच्याकडे शिकायला येणाऱ्यांचं काम त्या असंच तपासतात. माझंही तपासलं होतं. त्या वेळी त्या म्हणाल्या होत्या की तू केस तोडतोयस, काढत नाहीयेस, आणि मला आणखी तीन महिने टॉवेल धुवायला लावलं होतं.

"एकही तुटलेला नाही," त्या म्हणाल्या. "मुळाशी धरून काढलेत. थर उचलून. कुणी शिकवलं त्यांना?"

"मी पत्रात लिहिलं होतं."

"पत्रात." त्यांनी चष्मा काढला. "पत्र वाचून शिकले असतील तर त्यांना इथे बोलाव. शनिवारी दोन हात कमी पडतात मला."

त्यांचा निरोप पोचवला. आता माझं.

मी अर्धा तास ते केस निवडले. पाठीचे करडे आहेत, वरचा राठ केस जागेवर ठेवून खालची लोकर तेवढी निघालीय, म्हणजे फणीची दाट बाजू तुम्ही नंतर वापरली आणि विरळ आधी. बरोबर. छातीचे पांढरे आहेत. मांडीच्या मागचे पिवळट आहेत, तिथे बहुतेक लोक पोचतच नाहीत. शेपटीचे आहेत. कोंडा जवळजवळ नाही. केसांना भांड्यांच्या साबणाचा वास नाही. मातीचा आहे, बीटाचा आहे आणि थोडा तुमच्या तंबाखूचा. रोजचं काम आहे हे. एका दिवशी बसून ओरबाडलं की केस असे निघत नाहीत. पाच-सहा आठवडे तुम्ही रोज बसला आहात आणि रोजचे केस साठवत गेला आहात.

हे उत्तम काम आहे, बाबा. तुम्ही गिऱ्हाईक असतात तर मी तुम्हाला हेच शब्द सांगितले असते.

एकच जागा यात नाही. काखेतले केस. ते सगळ्यात मऊ असतात, कापसासारखे, बोटात धरले की आपोआप एकमेकांत वळतात. दोनदा शोधले, नाहीत. आता ते इंचभर झाले असतील, आणि पाऊल टाकताना सगळ्यात आधी तिथेच घासतं आणि तिथेच गुंता धरतो. तुम्ही विसरलात असं मला वाटत नाही. बाकी सगळं केलंत, ती जागा कशी विसराल? एकट्यानं ती होत नाही. पुढचा पाय उचलून धरावा लागतो, एक हात पायाला जातो, एक फणीला, आणि केस मुळाशी धरायला तिसरा हात लागतो. माझ्यासाठी तो हात वर्नाबाईंचा असतो. हे मला पत्रात लिहून सांगता येणार नाही.

येत्या रविवारी, १५ तारखेला, अकरा वाजता येतो. गिरणीच्या वळणावर थांबणार नाही. फणी आहेच तुमच्याकडे, नखांचं हत्यार मी आणतो. स्वयंपाकघरातल्या टेबलावर घेऊ तिला, तिथे उजेड चांगला येतो. खाली रबराची चटई घाला, ती घसरता कामा नये.

पाय तुम्ही धरा. माझ्यावर तिनं अजून भरवसा ठेवलेला नाही.

ऑरिन